पन्हाळ्याच्या तळ्याकाठी

उन्हाळा चढला की पन्हाळ्यावरच्या तळ्यांचं पाणी खाली सरकतं. सोमेश्वर तळं घ्या की सादोबा तलाव, एरवी पाण्याखाली असणारी तांबूस कड उघडी पडते. सकाळी आठच्या सुमाराला, तिरप्या उन्हात, त्या कडेवरचा एकेक खडा आपापली सावली घेऊन वेगळा दिसतो. दगड पाहायला शिकायचं असेल तर हीच वेळ चांगली. दुपारी बाराला सगळे दगड सारखेच वाटतात.

काठावर बसा आणि हात पोचेल तेवढ्या जागेतले दगड नुसते डोळ्यांनी निवडा. बहुतेक तांबडे असतील. काही काळे. आणि फार शोधल्यावर एखादा पांढरा किंवा दुधट, ऊन आत शिरू देणारा. या तिघांकडे पाहताना मनात एकच प्रश्न ठेवायचा: हा इथला, की कुठून आलेला? दगड गोळा करणाऱ्या माणसाची सगळी विद्या या प्रश्नात आहे. रंग, चमक, आकार हे सगळं नंतरचं.

तांबडा दगड इथलाच. तो जांभा. हातात घेतला तर खरखरीत, भोकाभोकांचा, जुन्या मोहोळाच्या पोळ्यासारखा लागतो आणि बोटांना लालसर पूड चिकटते. पन्हाळ्याचा माथा या जांभ्याचा आहे, आणि पश्चिमेला पसरलेलं मसाई पठारही त्याचंच. जुलै १६६० च्या पावसात शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले तेव्हा वाटेत तुडवलेलं पठार ते हेच. पण जांभा हा काही मुळातला खडक नव्हे. तो काळ्या कातळाचा उरलेला सांगाडा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले आणि थंड होऊन त्यांचा काळा पाषाण झाला. पुढे लाखो वर्षं सह्याद्रीच्या धुवांधार पावसानं वरच्या थरातून सिलिका, चुना, सोडा असं जे जे विरघळेल ते धुऊन नेलं. मागे राहिलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. लोह गंजलं म्हणून रंग तांबडा. जिथे ॲल्युमिनियम जास्त साठलं तिथे बॉक्साइट झालं. राधानगरी, शाहूवाडीकडच्या डोंगरमाथ्यांवर त्याच्या खाणी आहेत.

जांभ्याला इंग्रजीत लॅटेराइट म्हणतात. हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली केरळातल्या अंगडिपुरमचा दगड पाहून दिलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. तिथले लोक हा दगड विटेसारखा कापून घरं बांधत होते, आणि आपल्या कोकणातले चिरेखाणीवालेही तेच करतात. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, हत्यारानं सहज तासता येतो. हवेत राहिला की त्यातलं लोह घट्ट धरतं आणि चिरा कडक होतो. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं कोरली गेली ती याच दगडात.

गडावर एवढं पाणी का टिकतं, याचंही उत्तर जांभा देतो. पाऊस पडला की हा सच्छिद्र दगड स्पंजासारखं पाणी पितो. पाणी खाली उतरत जातं आणि जिथे जांभा संपून चिकणमातीचा थर लागतो तिथे अडतं. मग ते आडवं वाहत जाऊन कड्याच्या पोटातून झिरपतं. डोंगरी गडांवरच्या झऱ्यांची, टाक्यांची जागा अशी दगडानंच ठरवून दिलेली असते. पन्हाळ्यावर नागझरीपाशी उभं राहिलात तर हे आठवा. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज यानं इथे गड बांधला तेव्हा उंची आणि कडे याइतकाच या पाण्याचाही विचार झाला असणार.

काळ्या दगडाची गोष्ट जरा वेगळी. तळ्याकाठी तो मिळतो, पण जांभ्याच्या माथ्यावर तो सहसा माणसानं आणलेला असतो, बांधकामासाठी. तीन दरवाजाचा घडीव दगड पाहा आणि मग आजूबाजूचा जांभा पाहा, म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. काळ्या पाषाणाचं मूळ घर माथ्याच्या खाली, डोंगराच्या अंगात आहे. तटावरून समोरच्या डोंगराकडे बघा. उतारावर पायऱ्या पाडल्यासारख्या आडव्या रेघा दिसतील. लाव्ह्याचा एकेक थर म्हणजे एकेक पायरी. या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात तेही यावरूनच, स्वीडिश भाषेत ‘ट्रॅपा’ म्हणजे जिना.

हा काळा दगड फोडला की कधी आत ठोस असतो, कधी फुगे-फुगे असलेला. लाव्हा वर येताना त्यातला वायू निसटू पाहतो, पण वरची साय घट्ट होते आणि बुडबुडे तसेच अडकून राहतात. पुढे खडकातून झिरपणारं गरम, क्षारांचं पाणी त्या पोकळ्यांत उतरतं आणि हळूहळू आतून अस्तर लावत जातं. भरलेली पोकळी कापली तर बदामासारखी दिसते. भूवैज्ञानिकांनी तिला दिलेलं नावही ग्रीक भाषेतल्या बदामावरूनच आहे.

अशी एक पोकळी मी फार वेळ हातात धरून पाहिली आहे. गडाच्या पायथ्याला एका शेतात नवी विहीर खणली होती आणि निघालेल्या दगडाचा ढीग बांधावर पडला होता. शेतकरीमामांना विचारून मी ढिगात बसलो. मुठीएवढा एक दगड मधोमध फुटलेला होता. पोकळीच्या अगदी कडेला शेवाळासारखा हिरवा, पातळ मुलामा. त्यावर साखरेच्या दाण्यांसारखे बारीक चमकणारे स्फटिक. आणि सगळ्यात आत, मोकळ्या जागेकडे तोंड करून, मोतिया रंगाच्या पातळ पापुद्र्यांचा एक छोटा पंखा. आधी हिरवा थर बसला, मग गारेचे दाणे, मग पापुद्रे. जे बाहेरच्या भिंतीला लागून ते आधीचं, जे मध्यात ते नंतरचं. पुस्तकाची पानं जशी क्रमानं लागतात तसा हा क्रम. मी त्या दगडाला टाचण लावलं: गावाचं नाव, विहिरीची खोली, तारीख. मामांनी विचारलं, “सोनं हाय का काय त्यात?” मी म्हटलं, “नाही मामा, पाण्यानं लिहिलेलं आहे.” त्यांनी दगड हातात घेऊन उन्हात फिरवला, आणि मग घरातल्या पोरांना हाका मारल्या.

मोतिया पापुद्र्यांचं नाव स्टिल्बाइट. ते झिओलाइट घराण्यातलं. स्वीडनच्या ॲक्सेल क्रोनस्टेट यांनी १७५६ साली असलं खनिज तापवलं तेव्हा त्यातलं पाणी सुटून ते फसफसलं, म्हणून त्यांनी ग्रीक शब्द जोडून ‘उकळणारा दगड’ असं नाव दिलं. या घराण्याची आणि त्याच्या सोबत्यांची जगातली एक मोठी खाण म्हणजे आपला महाराष्ट्र. पुण्याच्या नावाचं ‘पूनालाइट’ १८३१ मध्येच वर्णिलं गेलं होतं, पुढे ते स्वतंत्र खनिज नसल्याचं ठरलं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हनसाइटचे गर्द निळे गोळे निघाले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचं हे खनिज आधी अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडलं होतं, पण जगभरच्या संग्रहांत आज जे देखणे नमुने दिसतात ते वाघोलीचे. खडी फोडायच्या यंत्रात असे किती गेले असतील, याचा विचार केला की जीव हळहळतो. नाशिकजवळ सिन्नरला के. सी. पांडे यांनी उभारलेलं ‘गारगोटी’ संग्रहालय यासाठीच एकदा तरी पाहावं. अ‍ॅपोफिलाइट, स्टिल्बाइट, स्कोलेसाइट यांचे हातभर नमुने तिथे आहेत.

गारगोटी म्हटलं की कोल्हापूरकराला संग्रहालयाआधी भुदरगड तालुक्याचं गाव आठवणार. शब्द एकच आहे. गार म्हणजे क्वार्ट्‌झ, आणि तिचा गोटा म्हणजे गारगोटी. पांढरा दगड सापडला की ती गारगोटी आहे की दुसरं काही, हे घरच्या घरी कळतं. गारगोटी काचेवर ओरखडा काढते, चाकूच्या पात्यानं तिच्यावर ओरखडा निघत नाही. कॅल्साइट चाकूनं सहज खरवडला जातो, आणि त्याच्या पुडीवर लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे येतात. झिओलाइट या दोहोंच्या मधले, काचेपुढे बहुधा हार मानणारे. अकीक म्हणजे गारेचाच सख्खा भाऊ, फक्त त्याचे कण डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक आणि थर एकात एक. त्याची कपची फुटली की कड काचेसारखी धारदार निघते.

ही धार माणसाला फार लवकर कळली, आणि इथून दगडांची दुसरी गोष्ट सुरू होते.

दगड फुटणं वेगळं आणि दगड फोडणं वेगळं. डोंगरावरून घरंगळलेला, उन्हापावसात तडकलेला दगड कुठेही, कसाही फुटतो. माणूस फोडतो तेव्हा तो कड निवडतो, कोन धरतो आणि नेमका ठोका मारतो. कपची सुटते तेव्हा ठोक्याच्या जागेखाली तिच्या पोटाला एक छोटा फुगवटा येतो, आणि तिथून तळ्यात खडा टाकल्यावर उठाव्यात तशा लहरी पसरतात. बोटानं त्या लागतात. ज्या गोट्यातून कपची निघाली त्या गाभ्यावर तेवढाच खळगा राहतो. एक फुगवटा योगायोगाचा असू शकतो. पण एकाच गाभ्यावर एकाच दिशेनं सात-आठ खळगे ओळीनं असतील तर तो योगायोग नव्हे. जुन्या पाथरवटाच्या शेजारी तासभर बसून त्याचा हात पाहा, हे पुस्तकातल्या चित्रांपेक्षा लवकर कळेल.

महाराष्ट्रातली सगळ्यात जुनी हत्यारं मोठी आहेत: हातकुऱ्हाडी, फरशी, तासण्या. ती काळ्या दगडाची, पण कुठल्याही काळ्या दगडाची नाहीत. फुग्याफुग्यांचा दगड ती घडवणाऱ्यांच्या कामाचा नव्हता. खडकाच्या भेगांत घट्ट बसलेला, बारीक कणांचा दगड त्यांनी शोधून काढला. मध्याश्मयुगातली हत्यारं याच्या अगदी उलट, एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरची. अकीक, चर्ट, कॅल्सेडनीची. नखाएवढं पातं, एक कड धारदार आणि दुसरी मुद्दाम बारीक टिचक्या देऊन बोथट केलेली. बोथट का, तर ती बाजू लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकानं बसवायची होती. अशी पाती ओळीनं बसवली की विळा, बाण, काहीही होतं. एक तुटलं तर तेवढंच बदलायचं. भिंगातून त्या बोथट कडेच्या टिचक्या मोजा. त्या माणसाचा हात किती स्थिर होता ते दिसतं.

आता पुन्हा तळ्याकाठी या. जांभ्यात अकीक तयार होत नाही. म्हणून जांभ्याच्या माथ्यावर अकिकाची कपची पडलेली दिसली तर ती पाहुणी आहे, कोणीतरी आणलेली. कोणी, हा प्रश्न लगेच अश्मयुगाकडे नेऊ नका. रस्त्यासाठी आणलेल्या खडीतून ती सांडलेली असेल. गडावर शेकडो वर्षं शिबंदी राहिली, तिच्यातल्या कुणाच्या बटव्यातली चकमक असेल, किंवा चकमकीच्या बंदुकीची गारही असेल. लोखंडासारखा जड, काळा, बुडबुड्यांचा दगड दिसला तर तो उल्का म्हणून नाचू नका. सह्याद्रीत जांभ्यातलं लोह गाळणारे धावड होते, त्यांच्या भट्टीचं कीट तसंच दिसतं. या सगळ्या शक्यता ओलांडून एखादी कपची उरली, तरच जपून पुढचं पाऊल टाकायचं.

हातकुऱ्हाडी शोधायच्या तर माथा सोडून नदीकडे उतरावं लागतं. पन्हाळ्याच्या पायथ्याची कासारी वाहत जाऊन प्रयाग चिखलीजवळ कुंभी, तुळशी, भोगावतीला भेटते आणि पंचगंगा होते. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते. त्याच कृष्णेच्या काठी, थोडं खाली, बेळगाव जिल्ह्यात येडूरवाडी आहे. तिथल्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरात पुराश्मयुगातली मोठी हत्यारं मिळाली, आणि त्या थरातल्या चुनखडीच्या चाचण्यांवरून त्यांचं वय साडेतीन लाख वर्षांहून जास्त ठरलं. आपल्या नदीच्या अंगणात एवढा जुना माणूस वावरत होता, हे कोल्हापूरच्या किती मुलांना शाळेत सांगितलं जातं?

हे वय ठरवता आलं, कारण हत्यारं थरात होती. तीच कुणी पिशवीत भरून घरी नेली असती तर त्यांच्याकडून वय कधीच निघालं नसतं. कोल्हापुरातलंच दुसरं उदाहरण घ्या. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती मिळाली, सोबत काशाच्या इतर वस्तू. पुढे १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे शास्त्रीय उत्खनन केलं, आणि सातवाहन काळातलं कोल्हापूर रोमन जगाशी व्यापारानं जोडलेलं होतं हे स्पष्ट झालं. ती मूर्ती आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. ती कुठून आली याचा पत्ता नसता, तर ती नुसती एक देखणी बाहुली राहिली असती.

दगडी हत्यारं ओळखायच्या या विद्येची सुरुवातच मुळी हौसेनं डोळे उघडे ठेवणाऱ्यांनी केली. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरमला मुरमाच्या खड्ड्यात भारतातलं पहिलं पुराश्मयुगीन हत्यार मिळालं. त्यांचं नोकरीचं काम खडक मोजायचं होतं. आपल्या भागाशीही त्यांचं नातं आहे: दक्षिण मराठा मुलुखाच्या भूरचनेवरचा त्यांचा ग्रंथ १८७६ साली निघाला. पल्लावरमच्या शोधाच्या सुमारालाच, १८६० च्या दशकात, पैठणजवळ मुंगी इथे गोदावरीच्या थरात वाईन या भूवैज्ञानिकाला अकिकाची कपची मिळाली होती. मुंबईच्या आसपास टॉड नावाच्या आरमारी अधिकाऱ्यानं फिरून सूक्ष्म हत्यारं जमवली, आणि १९३० च्या दशकात त्यांवर लेख लिहिले. नाशिकजवळ गंगापूरला, नेवाशाला सांकलियांनी जे केलं त्यामुळे महाराष्ट्राच्या अश्मयुगाला शास्त्रीय पाया मिळाला. हे सगळे चालत होते, वाकत होते, आणि मुख्य म्हणजे लिहून ठेवत होते.

म्हणून पन्हाळ्यावर कसं वागायचं ते स्पष्ट सांगतो. हा गड संरक्षित आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांतल्या बारा किल्ल्यांत त्याची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. इथे खणायचं नाही, तटाचा किंवा वास्तूचा दगड हलवायचा नाही, आणि तळ्याकाठचा खडासुद्धा खिशात घालायचा नाही. पाहायचं, चित्र काढायचं, फोटो घ्यायचा. स्फटिकांची हौस असेल तर ती विहिरीच्या ढिगावर किंवा बंद खाणीच्या टाकाऊ दगडात, मालकाला विचारून भागवता येते. चालू खाणीत शिरू नका, कड्याखाली उभे राहू नका. घरी नेलेल्या प्रत्येक दगडाला त्याच दिवशी टाचण लावा: गाव, नेमकी जागा, खोली, तारीख. टाचण नसलेला दगड संग्रहातून काढून टाकायला मी नव्या लोकांना सांगतो. त्यांना ते कठोर वाटतं, पण दोन वर्षांनी तेच येऊन सांगतात की बरं झालं.

हत्यारासारखी कपची दिसली तर ती उचलू नका. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. एक फोटो जवळून, एक लांबून, आजूबाजूचं झाड किंवा बांध दिसेल असा. फोनमधून जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला, किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे. परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही आणि त्या परदेशी नेता येत नाहीत. तुम्हाला कुणी बाजारात ‘आदिमानवाचं हत्यार’ विकायला आलं तर घेऊ नका. तुम्ही घेतलं की तो उद्या आणखी एक थर उकरणार.

फूट यांनी सप्टेंबर १८६३ मध्ये तमिळनाडूत अत्तिरमपक्कमलाही हत्यारं शोधली होती, आणि जागेची नोंद ठेवली होती. सव्वाशेहून जास्त वर्षांनी शांती पप्पू आणि त्यांचे सहकारी त्याच जागी गेले, शास्त्रशुद्ध उत्खनन केलं, आणि २०११ मध्ये तिथली सर्वांत जुनी हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचं प्रसिद्ध केलं. फूट यांनी जागेचा पत्ता लिहून ठेवला होता म्हणून ते तिथे पोचले. पन्हाळ्याला निघाल तेव्हा पिशवीऐवजी एक वही आणि पेन्सिल बरोबर घ्या, आणि पहिल्या पानावर तळ्याचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहा.